अंदाज आणि त्याचा हिशेब

ठाणा पेट्रोल पंपाच्या चौकात निवडणुकीच्या अंदाजी आकड्यांवर चर्चा रंगली होती. मी कुरकुर करताच एक सेवानिवृत्त स्नेही म्हणाले, "भाऊ, अंदाजच नसले तर पेपर घेईल कोण?" हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्यांच्या बाजूने साक्षीदार मोठा आहे. मँचेस्टरच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एडवर्ड हल्टन यांनी 1871 मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या टिपा देणारा कागद काढला; त्यातून 'स्पोर्टिंग क्रॉनिकल' उभे राहिले. त्याच नावाच्या मुलाने धंदा वाढवला, लंडनचे 'इव्हनिंग स्टँडर्ड' घेतले आणि 1923 मध्ये पसारा 60 लाख पौंडांना विकला.

आपल्याकडे मात्र 1881 मध्ये 'केसरी' निघाला तो मते मांडायला. टिळकांशी पटेना तेव्हा आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला. मताची जबाबदारी घेणारा माणूस असतो, अंदाज बेवारस असतो, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आहे.

जवाहरनगरात बातमी आणि अंदाज यांतला फरक शिकवावा लागत नाही. 24 जानेवारी 2025 ला तिथल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. ज्यांचा माणूस आत ड्युटीवर होता, त्या घरांना एकच हवे होते: तो कुठे आहे? किती गेले असतील, कशाने झाले असेल, हे तर्क त्या घरांच्या काय कामाचे?

पण हल्टनच्या कागदाकडे पुन्हा पाहिले की मला थांबावे लागते. टिपेचा निकाल त्याच दुपारी मैदानावर लागे. चुकली तर वाचकाचे पैसे जात आणि टीप कुणाची हे त्याला ठाऊक असे. तो अंदाज बेवारस नव्हता. मग माझे भांडण अंदाजाशी नाही, निकालानंतर तोंड लपवणाऱ्या अंदाजाशी आहे. स्नेह्यांना एवढे मी देऊन टाकतो.

संपादकांना विनंती एवढीच: निवडणुकीचे अंदाज खुशाल छापा, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर तुमचे जुने आकडे खऱ्या आकड्यांशेजारी छापा. आणि माणसे गेल्याच्या बातमीत अंदाज मुळीच नको.