रसास्वाद, कल्याण आणि प्रेक्षकाचा अधिकार

कलेने समाजाला काय द्यावे, हा मराठी समीक्षेतील जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा कलाकृतीच्या बाजूने शोधले गेले. कलाकृती स्वायत्त आहे की लौकिक जीवनाशी बांधलेली आहे, तिचे मूल्य तिच्या घाटात आहे की आशयात, या अंगाने चर्चा होत राहिली. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) या भूमिकांची तर्कव्यवस्था तपासल्यानंतर ही चर्चा अधिक सूक्ष्म झाली. तथापि कलाकृती आणि प्रेक्षक यांची जेथे प्रत्यक्ष गाठ पडते त्या संस्थेचा विचार तीत क्वचितच आला. चित्रपटगृह, नाट्यगृह, फिल्म सोसायटी, कलाकेंद्र या कलाव्यवहाराच्या बाह्य सोयी मानल्या गेल्या. वस्तुतः अशी प्रत्येक संस्था प्रेक्षकाविषयीची एक संकल्पना गृहीत धरून चालते, आणि त्या संकल्पनेत एक नैतिक निवाडा अनुस्यूत असतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हा निवाडा विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

या पट्ट्यात सांस्कृतिक घडामोडींचा अभाव आहे, असे म्हणता येणार नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे वाहन उद्योगाने हा परिसर व्यापला आणि १९८२ साली येथे महानगरपालिका आली. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर ही पालिकेची नाट्यगृहे आहेत. २०१६ साली एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. २०२४ साली शंभराव्या नाट्यसंमेलनाचा सोहळाही येथे झाला. तेव्हा प्रश्न कार्यक्रमांच्या संख्येचा नाही. या साऱ्या व्यवहारात प्रेक्षक म्हणून जो बसतो त्याला कोणते स्थान दिले जाते, हा प्रश्न आहे.

यांतील पहिली संकल्पना 'कल्याणा'ची. १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवल्या, ललित कला भवने चालवली. यंत्रावर आठ तास उभा राहणारा माणूस रंगमंचावर उभा राहू शकला, याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल. परंतु तिचे अर्थकारण लक्षणीय आहे. कामगारांकडून वसूल केलेले दंड आणि त्यांना देय असूनही न दिल्या गेलेल्या रकमा यांचाही या निधीत समावेश केला गेला. म्हणजे ज्या पैशावर कामगाराचा सर्वाधिक हक्क होता त्यातील काही भाग त्याच्याकडे 'कल्याण' या नावाने परत आला. येथे प्रेक्षक हा लाभार्थी असतो. लाभार्थ्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते. त्याने प्रयोगाविषयी मतभेद नोंदवावा, ही अपेक्षा नसते. दुसरी संकल्पना बाजाराची. तीत प्रेक्षक ग्राहक आहे आणि त्याचे मत तिकीटखिडकीपाशीच संपते.

या दोहोंना पर्याय म्हणून फिल्म सोसायटीची चळवळ उभी राहिली. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी तिचा पाया घातला. १९५९ साली सोसायट्यांचा महासंघ झाला आणि मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. फिल्म इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने तेथे चाललेल्या रसास्वाद वर्गांनी जाणकारांची एक पिढी घडवली. या चळवळीचे ऋण मोठे आहे. परंतु 'रसास्वाद' हा शब्दच येथे विचारात घेण्याजोगा आहे. रस जाणण्यासाठी अधिकार लागतो. अभिनवगुप्तांचा सहृदय काव्याच्या सततच्या परिशीलनातून घडतो. परिशीलनाला वेळ लागतो, आणि वेळेची वाटणी समाजात समान नसते. शिवाय सोसायट्यांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविना चित्रपट दाखवण्याची जी मुभा मिळाली ती प्रदर्शन सभासदांपुरते ठेवण्याच्या अटीवर. स्वातंत्र्य मिळाले, पण दार बंद ठेवण्याच्या मोबदल्यात. शासन आणि बाजार यांपासून स्वतंत्र असलेली संस्था आपल्याच रसिकवर्गापासून स्वतंत्र असतेच असे नाही.

येथे एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत तयार झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्या तुकोबांवर तो आहे त्यांचे देहू याच औद्योगिक पट्ट्याच्या कडेला, इंद्रायणीकाठी आहे. वारकरी प्रेक्षकाला विष्णुपंत पागनीस यांच्या रूपात दर्शन घडते. गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षक याच सन्मुख प्रतिमेतून भारतीय आधुनिकतेचा शोध घेतात. आता चाकणच्या एखाद्या वस्तीत हा चित्रपट दाखवला, आणि सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारी स्त्री तो पाहत आहे, अशी कल्पना करावी. तिचे लक्ष कदाचित तुकोबांवर राहणार नाही. घर चालवणाऱ्या, देवाशीही भांडणाऱ्या आणि अखेरीस पतीच्या वैकुंठगमनानंतर संसारात मागे उरणाऱ्या जिजाईकडे ते जाईल. एकाच्या भक्तीचा भार कोणाच्या श्रमांवर पडला, असे ती विचारील. हे विधान भाविकाला अप्रस्तुत वाटेल, आणि अभ्यासकाला रूपविचाराच्या दृष्टीने अपुरे. तरीही ते चित्रपटाविषयीचे विधान आहे. दिग्दर्शकांनी जिजाईला जी जागा दिली तिचे ते वाचन आहे. स्वतंत्र कलाकेंद्राची कसोटी येथे लागते: हे विधान 'प्रतिक्रिया' म्हणून नोंदवून पुढे जायचे, की समीक्षा म्हणून त्याच्याशी वाद घालायचा?

वाद घालणे हाच येथे आदर होय. कांटने १७९० साली सौंदर्यनिर्णयाविषयी मांडलेला विचार या संदर्भात स्मरणीय आहे. एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा माणूस केवळ आपली आवड सांगत नाही. तो इतरांच्या संमतीची मागणी करतो, मात्र ती सिद्धतेच्या बळावर लादू शकत नाही. म्हणजे सौंदर्यनिर्णयाला दुसरा निर्णायक लागतो. 'ज्याला जे आवडेल ते' असे म्हणणारी उदारता ही मागणीच नाकारते आणि प्रेक्षकाला बाजाराच्या स्वाधीन करते. 'आम्ही सांगू ते उत्तम' असे म्हणणारी रसिकता समोरच्याचे निर्णायकपण नाकारते. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या भूमिका एका बाबतीत सारख्या आहेत: दोहोंनाही कामगाराच्या मताने आपले मत बदलण्याची शक्यता मान्य नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पाळी संपवून आलेल्या माणसाला विश्रांती हवी असते; त्याच्यावर कठीण चित्रपट आणि चर्चा लादणे ही सुस्थितांची हौस नव्हे काय? झाक राँसिएर यांनी 'कामगारांच्या रात्री' (१९८१) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कामगारांचे लेखन तपासून दाखवले आहे, की दिवसभराच्या श्रमानंतरची झोप बाजूला सारून काही कामगार लिहीत, वाचत, विचार करीत होते. कामगाराला केवळ विश्रांती हवी असते हे गृहीतकच त्याला श्रमिकाच्या जागी जखडून ठेवते. आक्षेपाचे हे उत्तर समर्पक आहे, परंतु पुरेसे नाही. तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्र ही उसनी घेण्याजोगी उरतेच असे नाही. ती अनेकदा कामाचीच असते. पाळी आठवड्याला बदलत असेल, तर ठरावीक वारी ठरावीक वेळी होणाऱ्या कार्यक्रमाचे सभासदत्व कागदावरच राहते. शिवाय या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. वीजपुरवठ्याच्या नियोजनातून ती रूढ झाली. शहराचा सांस्कृतिक रविवार या माणसांच्या कामाचा दिवस आहे.

म्हणून या परिसरातील कलाकेंद्राच्या बाबतीत वेळापत्रक ही व्यवस्थापनाची किरकोळ बाब ठरत नाही. गुरुवारी दुपारचा खेळ, दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांसाठी सकाळी त्याची पुनरावृत्ती, बिहार वा ओडिशातून आलेल्यालाही बोलता येईल अशी चर्चेची भाषा, आणि पुढचा चित्रपट निवडताना प्रेक्षकांच्या मताला प्रत्यक्ष वजन: या गोष्टींनी परिशीलनाची संधी निर्माण होते. त्या नसतील तर अधिकाराची अट घालण्याचा अधिकार केंद्राला पोचत नाही. अशा केंद्रात सुरुवातीची चर्चा विस्कळीत होईल, निवडलेल्या काही कृती उभयपक्षी फसतील. पण फसलेल्या कृतीविषयी का फसली हे सांगणारा प्रेक्षक तेथे असेल, आणि त्याचे म्हणणे खोडण्यासाठी जाणकारालाही चित्रपट पुन्हा पाहावा लागेल. कल्याण, मनोरंजन आणि संस्कार या तिन्हींतून जे समाजाला मिळत नाही, ते अशा पुन्हा पाहण्याच्या गरजेतून मिळू शकते.