गरज कोणाची विचारावी?

बाजारांतील मागणी आणि माणसाची गरज या दोन गोष्टी एकच आहेत, असें आपण व्यवहारांत सहज धरून चालतों. मुक्त संगणक-प्रणालींच्या निर्मात्यांपुढें मात्र हा भेद प्रत्यक्ष उभा राहतो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें ज्या चळवळीची घोषणा केली, तिचें तत्त्व असें कीं, प्रणालीची मूळ संहिता सर्वांस वाचतां व बदलतां यावी. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली देशी भाषांसह २००७ मध्यें दिली. २०१५ मध्यें केंद्र सरकारनें आपल्या कारभारांत अशा प्रणालींस अग्रक्रम देण्याचें धोरणहि जाहीर केलें. तरी लहान व्यापाऱ्याच्या पेढीवर त्या क्वचितच दिसतात. तेव्हां ‘व्यापाऱ्यास काय हवें, तें विचारा,’ असा सल्ला साहजिकच मिळतो.

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांतील एखादी पेढी डोळ्यांपुढें आणावी. शेतकरी ओली लाल मिरची आणतो. तिचें वजन होतें, भाव ठरतो, पूर्वीं दिलेली उचल वजा होते, आणि माल पथारीवर वाळण्यास जातो. पेढीच्या मालकास विचारलें, तर तो बहुधा म्हणेल, ‘शेजाऱ्याकडे आहे, तेंच द्या.’ हें अज्ञान नव्हे. २०१७ पासून वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें संगणकावरूनच भरावीं लागतात. त्याचा मुनीम व करसल्लागार ज्या प्रणालीस सरावले, तीच त्याला सोयीची. मग संहिता वाचण्याचें स्वातंत्र्य त्याच्या काय कामाचें, असा आक्षेप येईल. पण कायद्याचीं पुस्तकें तरी किती नागरिक वाचतात? तीं खुलीं असतात म्हणूनच वकील तीं वाचूं शकतो, आणि पटलें नाहीं तर आपल्याला वकील बदलतां येतो.

खरी अडचण पुढेंच आहे. त्या वहींत ज्याची उचल मांडलेली असते, त्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारीत नाहीं. कारण तो ग्राहक नव्हे. आपलें खातें आपल्याला वाचतां यावें, निदान कोणाकडून वाचून घेतां यावें, एवढीच त्याची गरज. आणि ती मालकाला गैरसोयीचीहि वाटेल. याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले; परंतु त्या नोंदींत काय असावें, हें टेंभलीकरांनीं ठरविलें नव्हतें. नोंद करणारा आणि नोंदला जाणारा यांतील अंतर जुनेंच आहे. यंत्रानें तें निर्माण केलें नाहीं, पक्कें मात्र केलें.

सर्वांस विचारीत बसल्यास काम पुरें होणार नाहीं, हें खरें. जो पैसे देतो त्याची मागणी आधीं पुरवावी, यांतहि अन्याय नाहीं. त्याच्यावांचून प्रणाली टिकणार नाहीं. पण जिच्या नांवांतच ‘मुक्त’ हा शब्द आहे, तिनें शेतकऱ्याला त्याच्या भाषेंत खात्याचा उतारा मिळण्याची तजवीज प्रथमपासूनच ठेवली पाहिजे, मग ती कोणी मागितलेली असो वा नसो. वहीला जमा आणि नांवें अशा दोन बाजू असतात. गरजांची यादी करणाऱ्यानें एकच बाजू लिहून वही मिटूं नये.