उद्याचे आज कळावे काय?

उद्या आपल्या वाट्याला काय येणार आहे ते आज कळावे, ही इच्छा माणसाला पुरातन काळापासून आहे. पत्रिका, कौल, शकुन ही सारी तिचीच अपत्ये. त्यांच्याकडून मिळणारे उत्तर धूसर असते ही त्यांची उणीव खरी. परंतु तीच त्यांची सोयही होती. उत्तर मानवले नाही तर ज्योतिषी बदलता येई. विज्ञानाने मात्र काही घराण्यांपुढे असे उत्तर आणून ठेवले आहे की तेथे दुसऱ्या ज्योतिष्याकडे जाण्याची वाट उरत नाही. ते ऐकावे की ऐकू नये, आणि ऐकल्यावर कोणास सांगावे, हा प्रश्न वैद्यकाचा आहेच. पण त्याहून अधिक तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते.

हंटिंग्टनचा आजार हे याचे ठळक उदाहरण. जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८७२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांचे आजोबा आणि वडीलही डॉक्टर होते. एकाच वैद्यकुटुंबाच्या तीन पिढ्यांनी तीच ती घराणी पाहिली होती. म्हणूनच आजार पित्याकडून पुत्राकडे, मातेकडून कन्येकडे कसा उतरतो हे हंटिंग्टन यांच्या ध्यानी आले. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, संसार भरात असताना, हा आजार डोके वर काढतो. हातापायांच्या अनावर हालचाली, चिडचिड, औदासीन्य, आणि त्यांच्या सोबतीने बुद्धीचा ऱ्हास. कामाची आखणी करणे, एका कामातून दुसऱ्यात लक्ष घालणे, विचाराचा वेग राखणे, या शक्ती आधी ढळतात. पुष्कळदा रोग्याला आपल्यात झालेला पालट स्वतःला जाणवतही नाही.

आईवडिलांपैकी एकास हा आजार असेल तर प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. १९८३ साली या दोषाचा माग चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक हाती आले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो चाळीस किंवा अधिक वेळा आला, तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसास आजार चुकत नाही. छत्तीस ते एकोणचाळीस आवृत्त्या असतील तर तो येईल किंवा येणारही नाही. म्हणजे विशीतल्या धडधाकट तरुणाला रक्ताच्या थोड्या थेंबांवरून आपले उतारवय वाचता येते. रोगाची वाटचाल रोखणारे सर्वमान्य औषध मात्र आजही हाती नाही. आहेत ती औषधे हालचाली व मनाचे त्रास सौम्य करणारी.

जनुक ‘काय’ ते सांगते. ‘केव्हा’ आणि ‘किती वेगाने’ हे तितक्या नेमकेपणाने सांगत नाही. त्यासाठी संशोधकांनी रक्तातील संप्रेरकांकडे पाहिले. आयजीएफ-१ नावाचा वाढीचा एक घटक आहे. मेंदूतळाच्या ग्रंथीतून निघणाऱ्या वाढ-संप्रेरकाच्या आज्ञेने तो मुख्यत्वे यकृतात तयार होतो. २००२ साली प्रयोगशाळेतील चेतापेशींवरील अभ्यासात असे दिसले की, या आजारातील विषारी प्रथिनापासून हा घटक पेशींचे रक्षण करतो. साहजिकच तो रक्तात जितका अधिक तितके बरे, अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रत्यक्ष रुग्णांचे रक्त तपासून त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा उलटेच आढळले. ज्यांच्या रक्तात हा घटक अधिक होता, त्यांच्या बुद्धीची घसरण अधिक झाली.

रक्षकच भक्षक झाला, असे म्हणण्याची घाई येथे करू नये. नदीला पूर आला की गावात होड्या अधिक दिसतात; म्हणून होड्यांनी पूर आणला असे कोणी म्हणत नाही. संकटात सापडलेल्या शरीराने हा घटक अधिक निर्माण केला असेल, किंवा दोहोंमागे तिसरेच काही कारण असेल. शिवाय वय आणि आहार यांनुसारही हा आकडा खालीवर होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असा निष्कर्ष समूहाविषयी असतो. शंभर रोग्यांच्या सरासरीने जे दिसते, ते समोर बसलेल्या एका माणसाच्या बाबतीत खरे ठरेलच असे नाही.

आमची हयात शासकीय कागदपत्रांत गेली. आकडा एकदा फाइलवर चढला की तो माणसाच्या पुढे चालू लागतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आकड्यामागचा ‘बहुधा’ हा शब्द पहिल्या टिपणीत असतो, दुसऱ्यात गळतो आणि तिसऱ्यात निर्णय होतो. रक्तातील संप्रेरकाच्या आकड्याचेही असेच होण्याचे भय आहे. ज्याची बुद्धी आज शाबूत आहे, त्याच्याकडे घरचे, कचेरीतले, विमेवाले उद्याच्या नजरेने पाहू लागतील. अमेरिकेने २००८ साली कायदा करून नोकरी आणि आरोग्यविमा यांत जनुकीय माहितीवरून भेद करण्यास मनाई केली. आयुर्विमा मात्र त्या कायद्याबाहेर राहिला.

म्हणूनच जाणण्याच्या हक्काइतकाच न जाणण्याचाही हक्क मानावा लागतो. १९९४ साली या चाचणीविषयी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांत सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने मागितल्यावाचून चाचणी होऊ नये असे म्हटले आहे. संधी असूनही जोखमीच्या घराण्यांतील बहुतेक माणसे ती करून घेत नाहीत. नॅन्सी वेक्सलर यांची आई या आजाराने गेली. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या ग्रस्त कुटुंबांत जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचे नमुने जमविले, आणि त्यांतूनच जनुकाचा माग लागण्यास मोठे साहाय्य झाले. पण आपल्या स्वतःच्या चाचणीचा विषय त्यांनी चव्हाट्यावर येऊ दिला नाही. आपल्यालाही हा आजार झाल्याचे त्यांनी २०२० साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, जाहीर केले. साऱ्या जगासाठी ज्ञान मिळविणाऱ्या बाईंनी स्वतःपुरते मौन राखले, यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

मात्र या हक्कालाही मर्यादा आहे. पंचवीस वर्षांच्या नातवाने चाचणी केली आणि दोष निघाला, तर मधल्या पिढीतील त्याच्या आईचे भवितव्य तिने न विचारताच उघड होते. येथे एकाचे जाणणे दुसऱ्याच्या न जाणण्यावर आक्रमण करते. अशा वेळी नातवाला अडवावे असे आम्ही म्हणणार नाही. पण निर्णयापूर्वी आईशी बोलणे आणि निकालानंतर जीभ आवरणे, एवढे तरी त्याने तिचे ऋण मानावे.

याहून अवघड प्रसंग विवाहाचा. येथे सावित्रीची कथा पुन्हा आठवावी. सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे आहे हे नारदांनी सांगितले, ते विवाहापूर्वी, आणि जिला निवड करायची होती तिच्यासमोर. तिने ते ऐकले आणि तरीही त्यालाच वरले. सत्यवानाने काही विचारले नव्हते. त्याच्यावर ते ओझे कोणी लादले नाही. त्यालाही सांगावयास हवे होते की काय, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण ज्याचा निर्णय त्या माहितीवर अवलंबून आहे त्याला ती आधी मिळालीच पाहिजे, एवढे त्या कथेत स्वच्छ आहे.

इंदूर-ग्वाल्हेरपासून हैदराबादपर्यंत पसरलेल्या आपल्या जुन्या घराण्यांत सोयरिकी पिढ्यान्पिढ्या ओळखीतल्या घरांत होत आल्या. अशा समाजात आजार लपविण्याचा मोह मोठा असतो. ‘मुलीचे जमायचे आहे’ या एका वाक्याखाली कित्येक घरांतील दुखणी दडपली जातात, आणि मग सारा दोष नव्या सुनेच्या पायगुणावर येतो. म्हणून येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चाचणी न करणे हा हक्क आहे. जे आधीच ठाऊक आहे ते लपविणे हा हक्क नव्हे. “आमच्या घरात हा आजार आहे, मी तपासलेले नाही आणि तपासणारही नाही,” असे सांगणारा मुलगा आपला हक्क राखतो आणि समोरच्या मुलीचाही. तिने मग सावित्रीप्रमाणे होकार द्यावा की नकार, हे तिचे तिने ठरवावे. नकार दिला तरी तिला बोल लावण्याचा अधिकार कोणास नाही.

उपचार सापडला की हे सारे गणित बदलेल. ज्या जाणण्याने काही करता येते ते जाणणे कर्तव्याच्या जवळ जाते, आणि तो दिवस लवकर यावा अशीच आमची इच्छा आहे. तोवर ज्याला विचारायचे आहे त्याला पूर्ण उत्तर मिळावे, आणि त्या उत्तरातला ‘बहुधा’ कोणी खोडू नये. ज्याला विचारायचे नाही, त्याच्या आजच्या शहाणपणावर आपण उद्याची सावली पाडू नये. त्याची बुद्धी आज त्याची आहे. तिच्या बळावर त्याने ठरविलेले त्याचे आप्त पुढे, तो स्वतः ठरवू शकेनासा झाल्यावरही, पाळतील, एवढा भरवसा त्याला घरातून मिळावा.