नजरेचा उंबरठा

शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने कवाडे नसतात, ही गोष्ट आता साऱ्या देशाला ठाऊक झाली आहे. २०११ साली युको बँकेने येथे शाखा उघडली, तीही कुलूप नसलेली बँक म्हणूनच गाजली. पण या गावात हिंडताना माझ्या ध्यानी आले ते निराळेच. कवाड नसले तरी चौकट असते, उंबरठा असतो. आणि परका माणूस त्या उंबरठ्याशी थांबून हाक देतो. घर उघडे असले म्हणजे ‘आत या’ असे कोणी म्हटलेले नसते. याचा अर्थ मात्र मला एका टिटवीपाशी उमगला.

रानपाखरांची छायाचित्रे घेण्याचा मला नाद आहे. माझ्या कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरचे लांब भिंग आहे. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा त्यातून पाखरू आठपट मोठे दिसते. चाळीस पावलांवरचे पाच पावलांवर आल्यासारखे भासते. शिकारी जीव घेतो. आपण नुसते पाहतो, तेही दुरून, असा मला अभिमान होता. पाहण्याने कुणाचे काय जाते?

वैशाखातली गोष्ट. गावाबाहेरच्या नांगरलेल्या रानात टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. ना भिंत, ना छप्पर. भर उन्हात ती अंड्यांवर असते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. हे सारे मला ठाऊक होते, तरीही मी भिंग रोखून बांधावर बसलो. टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. ती परतेल म्हणून मी अर्धा तास बसून राहिलो. अंडी उन्हात उघडी पडली होती. शेजारच्या उसातून आलेली एक म्हातारी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दार नाही म्हणून काय झालं? घरच हाये ना ते तिचं. उठा, दादा.”

मी उठलो. बराच दूर गेल्यावर वळून पाहिले, तेव्हा ती अंड्यांवर आली होती. पुढे पिले निघाली की नाही, हे पाहायला मी गेलो नाही.

ज्या देवाचे हे गाव, त्याची ब्रह्मवैवर्त पुराणात एक कथा आहे. बाळ गणेशाला पाहायला आलेला शनी नजर खाली घालून उभा राहतो. पार्वतीच्या आग्रहाखातर तो पाहतो, आणि बाळाचे मस्तक गळून पडते. लोकांना या कथेत शनीचा कोप दिसतो. मला त्याचा संकोच दिसतो. आपल्या दृष्टीत काय आहे हे तो जाणून होता. आपण माणसे मात्र आपली दृष्टी निरुपद्रवी समजतो.

मग छायाचित्रे घेऊच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. पाखरांवर माया करायला छायाचित्रांनीही कितीकांना शिकविले आहे. पण माया हा काही आत शिरण्याचा परवाना नव्हे. घरट्यापासून दूरच राहावे. पाखरू निवांत चरत असेल तर खुशाल चित्र घ्यावे. त्याने चरणे थांबवून मान ताठ केली, की उंबरठा आला असे समजावे. तो किती पावलांवर असावा, हे भिंगाने नव्हे, पाखराने ठरवायचे असते.

हल्ली मी तेथून मागे फिरतो. पुष्कळ चित्रे हुकतात. त्यांची मला फारशी खंत वाटत नाही. खंत वाटते ती त्या दिवशी घेतलेल्या एका चित्राची. त्यात चार अंडी अगदी स्पष्ट आली आहेत, आणि टिटवी कुठेच नाही.