पट्टी कशाची?

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पायाची जखम भरता भरेना. साखरेचा आजार जुना. डॉक्टर म्हणाले, "कोलॅजेनची पट्टी लावू." मी विचारलं, "कशापासून करतात?" ते म्हणाले, "ही गुरांच्या कातड्यापासून."

आमच्या सासूबाई म्हणजे कंदमूळ वर्ज्य, दिवेलागणीआधी जेवण. कोषातला किडा जिवंत उकळतात हे कळल्यापासून रेशीम नेसायचं सोडलेल्या. जिलेटिनच्या कॅप्सूलसुद्धा नको म्हणायच्या. मी मात्र त्यांना न विचारता हो म्हटलं. जखम भरू लागली. एकदा त्यांनी विचारलं, "कसली ग ही पट्टी? गुण आला." मी म्हटलं, "औषधाची."

तो शब्द मला टोचत राहिला.

दिवाळीत भाची आली. ती प्रथिनांपासून औषधी साहित्य बनवण्यावर संशोधन करते. म्हणाली, "मावशी, जिलेटिन गार झालं की घट्ट होतं, उबेला वितळतं. आमचं उलटं. गार असताना पाण्यासारखं, अंगाच्या उबेनं घट्ट." आपल्या त्वचेत, रक्तवाहिन्यांत इलॅस्टिन असतं, त्यामुळं त्या ताणून पुन्हा जागेवर येतात. त्यातला पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडून हे प्रथिन करतात. डॅन उरी या शास्त्रज्ञानं अशा साखळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सुईनं आत सोडलं की तिथंच थिजावं आणि औषध हळूहळू द्यावं, अशी कल्पना. अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे.

"आणि गाय लागत नाही?" मी आशेनं विचारलं.

"नाही. ई. कोलाय जिवाणूत त्याचं जनुक घालतात, ते वाढवतात, मग फोडून प्रथिन काढतात."

फोडून! म्हणजे जीव गेलेच. पंचेंद्रियाऐवजी कोट्यवधी एकेंद्रिय. फरक आहे, आणि तो लहान नाही. आपल्याकडे जीवांच्या इंद्रियांची मोजणी उगीच झालेली नाही. पण शून्य हिंसेचं औषध मला सापडलं नाही. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्यातली संकल्पी तेवढी पूर्ण सोडायची. औषधातली हिंसा कोणत्या कप्प्यात ठेवावी, यावर मी बऱ्याच रात्री घालवल्या. तत्त्वार्थसूत्र हिंसेचं मूळ प्रमादात सांगतं. तिथं मी अडकले. पट्टी लावली तेव्हा माझ्या मनात जीव वाचवायचा होता. खोटं बोलले तेव्हा मात्र फक्त माझी सोय होती.

शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ पायाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कदाचित हो म्हटलं असतं. पण ते मला म्हणू द्यायचं होतंस." उपास त्यांना झेपत नाही. त्यांनी आठ दिवस मीठ सोडलं. मीही सोडलं.

मैत्रिणींनो, उद्या भाचीचं औषध बाजारात येईल. तेव्हाही कुणीतरी विचारेल, "कशापासून करतात?" तो प्रश्न विचारायला लाजू नये. आणि उत्तर आलं की ज्याच्या अंगावर पट्टी बसणार आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचवावं. त्यानं काय ठरवावं, हे मी सांगणार नाही. सासूबाईंच्या बाबतीत ते मीच ठरवून टाकलं होतं.