उन्हाच्या मुलखातली सायकल

खानदेश वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुळ्याला त्याहून कितीतरी जास्त पडतो. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे सरकला की हा हिशेब कुणाला सांगायला जाऊ नये.

उन्हाच्या मुलखात एकाच रस्त्याला दोन लांब्या असतात, सकाळची आणि दुपारची. पद्मालयाचा गणपती सकाळी सहाला जवळ असतो. अकराला तोच लांब जातो.

शहाणा माणूस इथे अंतर विचारत नाही. पुढचं झाड कुठे आणि पुढचं पाणी कुठे, एवढंच विचारतो.

मौजेची सायकल इथे अलीकडची. मळ्यावर जाणारी जुनी. कॅरिअरला विळा, हँडलला डबा, डोक्याला पांढरा रुमाल, आणि ऊन चढायच्या आत काम उरकायची घाई. आज हेल्मेट घालून लळिंगचा घाट चढणाऱ्याने साधनं नवी घ्यावीत. वेळापत्रक मात्र त्या मळेवाल्याचंच घ्यावं.

वाऱ्याचीही इथे वाट ठरलेली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी पश्चिमेला जाते. उन्हाळा सरता सरता वारा त्याच पश्चिमेकडून येतो. साक्रीच्या माळावरच्या पवनचक्क्या त्याच्याच भरवशावर उभ्या आहेत. म्हणून सकाळी पश्चिमेला निघावं. ऊन पाठीवर राहतं आणि वारा अंगात ताकद असतानाच भेटतो. परतीला तो मागून ढकलतो. देणं आधी फेडलेलं बरं.

काळी माती ऋतू पाहून वागते. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये जाऊन बसते. दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं, आणि मग माणसावर सायकल बसते. दिवाळी ते होळी, एवढीच तिची सवलत.

टायरमध्ये बाभळीचा काटा दिसला तर लगेच उपटू नये. त्याने केलेलं भोक त्यानेच बुजवलेलं असतं. पंक्चरच्या दुकानापर्यंत तोच पोचवतो. दुकानात ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतात, बुडबुडा निघाला की तिथे बोट ठेवतात, कानशीने घासतात, सोल्युशन लावून ठिगळ दाबतात. पण कसबी कारागीर ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवतो. काट्याचं मोडलेलं टोक आत राहिलं तर ठिगळ संध्याकाळही पाहत नाही. ठिगळ कुणीही लावतं. काटा शोधणाऱ्याचे पैसे असतात.

विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली की यावल, फैजपूर, रावेरकडे केळीचा मुलूख लागतो. बागेच्या कडेला पोचताच हवा बदलते. घाम तोच, पण गार लागतो. तिथे थांबून नीट पाहावं. बागेला वाऱ्याच्या बाजूने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत असते. झळांनी झाड होरपळू नये, वाऱ्याने पानं फाटू नयेत, म्हणून लावलेली. केळीला काय सोसत नाही हे शेतकऱ्याने ओळखलं आणि आडोसा केला. रस्त्यावरच्या माणसासाठी एवढं कुणी केलं?

केलं होतं. जुन्या महामार्गाच्या कडेला कडुनिंब होते, चिंचा होत्या. रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला, झाडं गेली. मोटारीत बसलेल्याला यंत्र गार ठेवतं. सायकलवाल्याचं यंत्र तो स्वतःच, आणि ते तापतं.

सगळ्यात सुखाची वाट पाटाच्या कडेची. तिला चढ नाही, कारण पाण्याला चढ चालत नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट निघतो, एकेका फडाला, म्हणजे शेतांच्या गटाला, ठरल्या क्रमाने पाणी मिळतं, आणि पाटकरी पाट पाहत फिरतो. ती वाट सायकलसाठी कुणी आखली नाही. चालणारा होता म्हणून ती टिकली. चालणारा नसेल तर फीत कापून सुरू केलेला मार्गही दोन पावसाळ्यांत काट्याखाली जातो.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात टुसॉन नावाचं शहर आहे. तिथल्या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. १९८३च्या पुरात काठ खचले. मग ते बांधून काढले, आणि बांधलेल्या काठांवरून सायकलचे मार्ग जोडत नेले. आज त्यांची लांबी २०० किलोमीटरच्या वर आहे. नदी सांभाळता सांभाळता त्यांना रस्ता सापडला. पांझरा, गिरणा, वाघूर, बोरी. कोरडे काठ आपल्याकडेही कमी नाहीत. सांभाळायचं तेवढं बाकी आहे.

पाटावर कुणीतरी विचारतंच, "कथा जाई राहिना भाऊ?" कुठेच नाही, नुसता फिरतोय, हे उत्तर त्याला पटत नाही. तरी तो पाण्याचा तांब्या पुढे करतो. उत्तर पटो न पटो, पाणी द्यायचं, ही इथली रीत. उन्हाने माणसं कोरडी होतात असं म्हणणाऱ्याने खानदेशात एक दुपार काढावी.

तेव्हा मार्गाची पाटी लावण्याआधी झाडं लावा. महामार्ग ट्रकवाल्यांना राहू द्या. गावरस्ते आणि पाट आपल्याला पुरेसे आहेत. कडुनिंब या मातीत कमी पाण्यावर येतो आणि काही वर्षांत सावली धरतो. थोड्या थोड्या अंतरावर चार निंब आणि वैशाखात एक माठ, एवढं झालं तरी जळगाव-धुळ्याचा सायकलमार्ग झाला असं समजा. तोवर निघताना दोन बाटल्या घ्या. एक आपल्यासाठी, दुसरी वाटेतल्या रोपासाठी.