सही आणि आकडा

दिवाळी जवळ आली की घरातली चित्रे भिंतीवरून खाली उतरतात, पुसली जातात आणि पुन्हा आपापल्या खिळ्यावर जातात. त्या मिनिटभरात चौकटीच्या खालच्या कडेकडे सहज लक्ष जाते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे छापचित्र असेल, तर तिथे उजवीकडे शिसपेन्सिलीने केलेली चित्रकाराची सही आणि डावीकडे 7/50 असा आकडा असतो. पन्नास प्रतींतली ही सातवी. एकावन्नावी निघणार नाही, असा त्याचा अर्थ. गेटवे 1924 साली खुला झाला, आणि तो पाहायला कोणाला दाम मोजावा लागत नाही. मग त्याच्या चित्राभोवती हे कुंपण कशासाठी?

आरंभी हे कुंपण माणसाने घातलेले नव्हते. ते धातूने घातले होते. तांब्याच्या पत्र्यावर रेखाटायचे, रेघांत शाई भरायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्राखाली छाप घ्यायचा. छापागणिक पत्रा झिजतो. नुसत्या सुईने ओरखडलेल्या पत्र्याचे तेज तर काही डझन छापांतच उतरते. तेव्हा आकडा ही खरी माहिती होती. एकोणिसाव्या शतकात तांब्यावर लोखंडाचा कठीण मुलामा चढवण्याची युक्ती निघाली आणि पत्रा कितीतरी अधिक छाप सोसू लागला. मर्यादा वस्तूची न राहता माणसाच्या इच्छेची झाली. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो निकामी करू लागले. आजच्या संगणकी छपाईत तर झिजायला पत्राच नाही. उरला तो केवळ शब्द.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी याच्या अगदी उलट वाट धरली. 1894 साली मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचवल्या. देवळाचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांच्याही भिंतीवर देव आला. त्या चित्रांची संख्या पन्नासावर थांबली असती, तर हे घडते ना.

मग आकडा म्हणजे निव्वळ लोभ काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. चित्रकारालाही पोट आहे. शिवाय सही म्हणते, हा छाप मी डोळ्यांखालून घातला आहे. आकडा म्हणतो, यापुढे मी मोह आवरीन. दोन्ही वचनेच आहेत, आणि वचन देणारा स्वतःलाच बांधून घेतो. खरी मेख घेणाऱ्याच्या मनात आहे. चित्र आपल्याजवळ आहे हा एक आनंद. ते शेजाऱ्याजवळ नाही हा दुसरा. पहिल्यासाठी चित्राकडे पाहावे लागते. दुसऱ्याला नुसत्या आकड्याकडे पाहिले तरी पुरते!

हा भेद आपल्या नंदुरबारात अधिक स्पष्ट दिसेल. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. शिरीषकुमारला तेव्हा सोळावे वर्ष चालू होते. त्यांचे स्मारक ही या गावाची ओळख आहे. उद्या एखाद्या चित्रकाराने त्या स्मारकाचे पन्नासच छाप काढून खाली सही केली, तर तो त्याचा हक्क. रेघ त्याची आहे. पण स्मारक त्याचे नाही आणि त्या पन्नास घरांचेही नाही. दुसऱ्या कोणी साध्या कागदावर स्वतः रेखाटलेले चित्र हजारांनी छापून धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांतून वाटले, तर त्यात वचनभंग नाही. ते चित्रही तितकेच खरे.

अशा वेळी आपल्या प्रतीचे मोल घटले म्हणून ज्याला हळहळ वाटेल, त्याने स्वतःला एवढेच विचारावे, की आपण भिंतीवर स्मारक लावले होते की आकडा?